परशरामच्या नावावरचा बाटला

खासबागेत आमच्या गल्लीला दिवसभर यंत्रमागांचा आवाज असायचा. त्या मागांमुळेच गल्लीत थ्री-फेज वीज आली होती, आणि वीज होती म्हणून मला घरामागच्या पत्र्याच्या छपरात वेल्डिंगचं मशीन बसवता आलं. साधं वेल्डिंग बेळगावात पुष्कळजण करत होते. माझं मशीन आर्गॉनचं होतं. अॅल्युमिनियमचं भांडं फुटलं, कॅन चिरला, मोटारसायकलच्या इंजिनाचा डबा तडकला, तर ते ह्या मशीनवर जोडता यायचं. वितळलेल्या जागेवर टॉर्चमधून आर्गॉन गॅस सोडत राहायचा. तो वाऱ्याला आत येऊ देत नाही, म्हणून जोड पांढरा राहतो. गॅस नसेल तर त्याच जागी काळी राख होते आणि भांडं पहिल्यापेक्षा मोठं फुटतं. म्हणजे माझं मशीन, माझा हात, माझं छप्पर, सगळं त्या गॅसवर उभं होतं.

गॅस लोखंडी सिलिंडरमधून यायचा. त्याला कारखान्यात आणि गल्लीत सगळेच बाटला म्हणायचे. निळा रंग, उंची माझ्या छातीपर्यंत, आणि वजन असं की दोन माणसांनी उचलावा. पहिल्यांदा हातगाडीवरून तो घरी आला तेव्हा शेजारची जयाबाई तिचं मागाचं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"सिद्राम, ते फुटलं की आमी कुठं जायाचं रं?"

"कुठं जायाला शिल्लक ऱ्हायाला पायजे न्हवं," असं तिचा नवरा आतून म्हणाला.

मी तिला छपरात नेलं. बाटल्याची चावी थोडी फिरवली, काडी पेटवून टॉर्चच्या तोंडापुढे धरली. काडी फस्सकन विझली. दुसरी धरली, तीही विझली. जयाबाईनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "अगो बया, हे तर आग खातंय." त्यानंतर तिनं कधी तक्रार केली नाही, उलट पाहुणे आले की त्यांना काडी विझवून दाखवायला माझ्याकडे घेऊन यायची. माझी बायको मालुबाई तेवढी कुरकुरायची. बाटला पडू नये म्हणून मी तो घराच्या मागच्या खांबाला साखळीनं बांधला होता, आणि तिथंच तिची लाकडं असायची. "सवत आणलीया घरात, आणि ती बी बांधून घालावी लागती," असं म्हणायची.

हे मशीन मला फ्रान्सिस मेस्त्रींनी दिलं. ते मिलिटरीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, कॅम्पात त्यांचं छोटं दुकान होतं. मी आणि परशराम, दोघं त्यांच्याकडेच शिकलो. परशराम उचगावचा, शेतकरी घरातला, माझ्यापेक्षा वयानं लहान. मला अण्णा म्हणायचा, मी त्याला परशा. तो सायकलवरून यायचा तेव्हा त्याच्या डब्यात आई दोन माणसांची भाकरी घालायची. पहिल्या दिवशी मी माझा डबा घेऊन बाजूला बसलो होतो. त्यानं आपला डबा उचलला, माझ्यासमोर आणून ठेवला आणि माझ्या डब्यातली सुकी मासळी उचलून खाल्ली. म्हणाला, "आमच्या घरात हे करत न्हाईत, तुझ्यामुळं तरी मिळंल." आम्ही बाबासाहेबांच्या मागून बौद्ध झालेली माणसं. आमच्या डब्यात हात घालणारे मला त्याआधी भेटले नव्हते असं नाही, पण असं न बघता, न विचार करता घालणारा तो पहिलाच. उचगावच्या जत्रेला त्यानं मला घरी नेलं, आपल्या शेजारी पानावर बसवलं. त्याच्या चुलत्यानं तोंड वाकडं केलं तर आई यशोदाबाई म्हणाली, "तुला जेवायचं न्हाय तर ऊठ की." मी तो घास अजून विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

मेस्त्री म्हातारपणी मुलाकडे गोव्याला निघाले तेव्हा त्यांनी परशाला ड्रिल मशीन, व्हाईस आणि लोखंडाचं सामान दिलं. मला आर्गॉनचं मशीन दिलं, आणि त्याच्याबरोबर एक रिकामा बाटला. तो बाटला देताना परशा तिथंच उभा होता. त्यानंच तो माझ्याबरोबर हातगाडीवर चढवला. पुढच्या पावसाळ्यात मेस्त्री वारल्याची बातमी आली.

आता रिकाम्या बाटल्याला एवढी किंमत का, ते सांगायला हवं. डेपोत नुसते पैसे घेऊन गेलं तर गॅस मिळत नाही. रिकामा बाटला द्यायचा, भरलेला घ्यायचा. जो दिला तो परत येत नाही. तो लॉरीवर चढतो, निपाणीवरून कोल्हापूरकडे, तिथून पुण्याकडे कुठं कुठं जातो. आपल्याला मिळतो तो दुसऱ्याच कुणाचा तरी भरलेला. मेस्त्रींनी दिलेला बाटला पहिल्याच अदलाबदलीत गेला आणि मला पुन्हा कधी दिसला नाही. तरी मी 'माझा बाटला' म्हणायचो, आणि ते खरं होतं. माझा एक आत गेलेला होता, म्हणून माझा एक बाहेर होता.

पण डेपोची आणखी एक अट होती. डेपो तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ होता आणि तिथले मॅनेजर सत्याप्पा म्हणजे भला माणूस. हमालांशी कानडीत बोलायचे, आमच्याशी कानडी मिसळलेल्या मराठीत. मी पहिल्यांदा बाटला घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, "घराला आर्गॉन कोडायचं न्हाई, द्यायचं न्हाई. वरून ऑर्डर हाय. कारखान्याचं नाव पायजे." मी हातगाडीचा दांडा धरून उभाच राहिलो. परशा बरोबर होता. त्यानं तेव्हा उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नुकतीच शेड घेतली होती आणि आर्गॉनचं थोडं कामही सुरू केलं होतं. तो लगेच पुढे झाला.

"माझ्या नावावर लिवा की सायब. एक माझा, एक ह्या अण्णाचा. नाव काय, नाव तुमच्या कागदाला लागतंय. बाटला अण्णाचाच."

सत्याप्पांनी लिहून घेतलं. वाटेत मी परशाला म्हटलं, "परशा, तुझे उपकार झाले बाबा." तर तो म्हणाला, "उपकार कसले रं, चा पाज."

पुढे बरीच वर्षं ते तसंच चाललं. माझा बाटला संपला की मी हातगाडी घेऊन डेपोत जायचो, परशरामच्या नावावर रिकामा द्यायचो आणि भरलेला आणायचो. देण्याघेण्याची एक रीत होती. डेपोचा हमाल रवळू एक हात रिकाम्याच्या मानेवर ठेवायचा, दुसरा भरलेल्याच्या मानेवर, आणि दोन्ही एकदमच फिरवत न्यायचा, एक आत, एक बाहेर. रिकामा सुटला आणि भरलेला हातात नाही असं कधी व्हायचं नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. सगळेच तसं करायचे.

तोपर्यंत माझं काम बसलं होतं. गावोगावच्या दूध सोसायट्यांचे अॅल्युमिनियमचे कॅन फुटायचे. एस.टी.च्या टपावर, टेम्पोत आपटून तळाशी चिरा जायच्या आणि दूध गळायचं. देवाप्पा नावाचा एका सोसायटीचा माणूस सकाळी कॅन टाकून जायचा आणि संध्याकाळच्या दुधाच्या आत घेऊन जायचा. खासबागेत घरीच काम, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीतही उभा असायचो. मधली काही वर्षं केलेली कारखान्याची नोकरी सोडून मी ह्या एका कामावर घर चालवत होतो. मालुबाई म्हणायची, "आता कुणाच्या भोंग्यावर उठायला नको." ते तिला माझ्यापेक्षा जास्त आवडायचं.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये निपाणीजवळ तंबाखूचे शेतकरी हायवेवर येऊन बसले. हजारो माणसं, बाया, पोरं. कोल्हापूरकडून येणाऱ्या लॉऱ्या अडकून पडल्या. बेळगावात कांद्यापासून पत्र्यापर्यंत सगळ्याची ओरड झाली. आम्हाला शेतकऱ्यांचा राग नव्हता. माझ्या गल्लीतल्या बायांनीही जन्मभर विड्या वळलेल्या, तंबाखूचा भाव त्यांना माहीत होता. पण माझा बाटला नेमका तेव्हाच संपला.

त्याच दुपारी परशा टेम्पो घेऊन दारात आला.

"अण्णा, डेपोत एक बी भरलेला न्हाय. रस्ता सुटला की लॉरी येणार, ती बी अर्धी. ज्याचा रिकामा आधी जाऊन बसला असंल त्याला आधी देणार म्हणत्यात. माझा घेऊन चाललोय. तुझा बी दे, जोडीनं नंबर लावतो."

मी साखळी सोडायला लागलो. मालुबाई आतून आली.

"भरलेला कुठाय?"

"वैनी, भरलेला निपाणीत शेतकऱ्यांच्या मागं उभा हाय."

"मग रिकामा बी हितंच उभा ऱ्हाऊ दे."

परशा हसला. "मी काय पळून चाललोय व्हय?"

"तू पळ न्हाईतर बस. ह्यांचा हात रिकामा नको म्हणत्येय मी."

मला तिचं बोलणं आवडलं नाही. परक्या माणसासारखं बोलतेस म्हणून मीच तिला गप्प केलं. बाटला आम्ही दोघांनी फिरवत फिरवत टेम्पोवर चढवला. खांबाला नुसती साखळी लोंबत राहिली.

नंतर वाट बघणं सुरू झालं. देवाप्पा कॅन आणून टाकत होता, छपराबाहेर कॅनची रांग लागली. रोज येऊन तो रांगेकडे बघायचा.

"मेस्त्री, हे दुरुस्त करायला घेतलाय का पिकायला घातलाय?"

"गॅस येऊ दे देवाप्पा. आल्या आल्या तुझंच पहिलं."

"सोसायटीचा चेअरमन माझ्या डोक्यावर बसलाय. दूध गळतंय आणि मांजरं पोसायला लागलीत."

एके दिवशी तो टेम्पो घेऊन आला आणि सगळे कॅन परत भरून घेऊन गेला. "थोडे दिवस तसंच चिंध्या लावून चालवतो," असं म्हणाला, आणि बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, तो रागावला असेल. रागावण्यासारखंच होतं.

रस्ता सुटला. पोलीस, गोळीबार, मेलेली माणसं, ते सगळं पेपरात आलं. लॉऱ्या धावायला लागल्या. तरी परशाचा निरोप नाही. दोनदा मी उद्यमबागेत गेलो तर शेडला कुलूप. मग रेल्वे गेटाजवळ चहाच्या गाडीवर रवळू हमाल भेटला. मी विचारलं, लॉरी कधी येणार म्हणून.

"येऊन झाली की अण्णा. तुमचं दोन कवाच गेलं."

"दोन?"

"परशरामनं सोता नेलं. पयला नंबर त्येचाच हुता."

मी चहा अर्धा ठेवला आणि चालत उद्यमबागेत गेलो.

शेड उघडी होती. परशा आत काचेआड वाकून वेल्डिंग करत होता. आमच्या धंद्यात जोडावर असलेल्या माणसाला हाक मारत नाहीत. हात हलला तर जोड जातो. म्हणून मी दारात उभा राहिलो आणि ठिणगी विझायची वाट बघितली. तेवढ्या वेळात मला सगळं दिसलं. दोन निळे बाटले भिंतीला लागून उभे होते, एकाला नळी लावलेली, दुसऱ्याची टोपी अजून घट्ट. ताडपत्रीच्या बाजूला देवाप्पाचे कॅन होते. त्यातल्या एकाच्या कानाला मीच बांधलेली सुतळी होती. आणि परशा ज्याच्यावर वाकला होता तोही कॅनच होता. मशीन नवीन होतं, माझ्यापेक्षा मोठं.

त्यानं काच वर केली आणि मला बघितलं.

"अण्णा. कवा आलास? बस, चा सांगतो."

"चा नको. बाटला न्यायला आलोय."

तो हातमोजे काढत राहिला. "थोडं थांब की. पुढच्या लॉरीला तुझा."

"ही लॉरी येऊन गेली न्हवं. दोन आलेत."

"मागनं काम लई साचलंय अण्णा."

"देवाप्पाचं?"

"त्यो सोता आला. दूध गळतंय म्हणाला. मी न्हाय म्हणू व्हय? तुझ्याकडं गॅस न्हवता."

"माझ्याकडं गॅस का न्हवता, परशा?"

त्यानं हातमोजे मशीनवर टाकले. नंतर एकदम वर बघून म्हणाला, "बरं, ने तुझा. ह्यातला तुझा कुठला त्यो दाव आणि ने."

मी दोन्ही बाटल्यांकडे बघितलं. एकाच्या मानेला पोचा होता, एकाचा रंग गेलेला. दोन्हींवर नंबर ठोकलेले होते. दोन्ही मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"दाव की," तो म्हणाला. "नंबर सांग."

मला उत्तर येत होतं. ते असं, की ह्यातला कुठलाही माझा आहे आणि कुठलाही माझा नाही, तरी एक माझा आहे, आणि हे तुला माहीत आहे. पण हे असं बोलून कुठल्या माणसापुढे सिद्ध करायचं? ज्याच्यापुढे सिद्ध करायला लागू नये तोच माझ्यासमोर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत सत्याप्पांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "कूतको," म्हणाले, आणि माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. तेवढ्यात परशाचा टेम्पो आत आला. त्याला ऑक्सिजनचे बाटले बदलायचे होते. सत्याप्पांनी त्याला बोलावलं. हमाल काम सोडून जवळ आले. रवळूही त्यांच्यात होता.

"परशराम, हा सिद्राम म्हणतो एक बाटला त्याचा. कागदावर दोन तुझं नाव हाय. मी कागद बघणार. पण तू हो म्हटलं तर मी आज त्याचं नाव वेगळं करून देतो. खासबागेचा पत्ता चालवून घेतो मी. हो काय?"

बघा, किती सोपं होतं. त्यानं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. मला माझं नाव मिळालं असतं, पुन्हा कुणाच्या मागं जायला लागलं नसतं. मी परशाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. हमालांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं होतं जे कॅम्पात आम्ही दुसऱ्यांची चेष्टा करताना यायचं.

"दिला असता हो सायब," तो म्हणाला. "पर ह्या सिद्रामच्या दारात जाऊन आला की बाटला त्यो बाटला. मग माघारी आमी हात कसा लावायचा?"

हमाल हसले. रवळू सगळ्यांत आधी हसला, आणि मग माझ्याकडे बघून त्याचं हसणं तोंडातच राहिलं.

सत्याप्पांना मराठी यायची, पण इतकी नाही. त्यांच्यासाठी बाटला म्हणजे सिलिंडर. ते एकाकडून दुसऱ्याकडे बघायला लागले. "एनंद?" त्यांनी रवळूला विचारलं. काय म्हणाला हा?

"एन इल्ल, सायब," रवळू खाली मान घालून म्हणाला. काही नाही.

मला कानडी येत होती. लहानपणापासून येते. मी सांगू शकलो असतो की आमच्या भाषेत बाटला म्हणजे हा लोखंडाचा, आणि बाटला म्हणजे विटाळलेला सुद्धा, आणि हा माणूस त्या दोन्हींचा मिळून एक विनोद करतो आहे, आणि तो का करतो हे कळायला मी कोण आहे ते आधी सांगावं लागेल. म्हणजे माझा अपमान मीच उलगडून, दुसऱ्या भाषेत घालून, त्यांच्यापुढे ठेवायचा. ते चांगले होते. त्यांनी परशाला झापलंही असतं. पण ते शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

"ऱ्हाऊ दे सायब," मी म्हणालो, आणि स्टुलावरून उठलो. सत्याप्पा मागून हाक मारत होते, "सिद्राम, एनु, काय झालं?" मी थांबलो नाही.

त्याहूनही जास्त एक गोष्ट वाटेत मनाला लागत राहिली. त्यानं मला अण्णा म्हटलं नव्हतं.

घरी मालुबाईला सांगताना मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत होते. तिनं तसं काही म्हटलं नाही. भाकरी थापायची थांबली, तवा जळायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"रवळू बी हसला?"

"आधी हसला."

"आणि आमच्या डब्यातली मासळी खाल्ली तवा ह्यो परशा बाटला न्हाय?" तिनं विचारलं. मग तवा उतरवला.

मी बरंच काही करायचं ठरवलं. उचगावला जाऊन यशोदाबाईंना सांगावं असं आलं मनात. पण म्हातारीला काय सांगायचं? तिला मुलाच्या तोंडचे शब्द सांगितले असते तर तिनं पदर डोळ्याला लावला असता, आणि मग मीच तिची समजूत घालत बसलो असतो. नवीन बाटला कोल्हापुरातून कुणाकडून मिळतो का म्हणून चौकशी केली. सगळीकडे तेच उत्तर. रिकामा आणा. रिकामाच नव्हता. जन्मभर वापरून मी एक गोष्ट कमावली होती, ती रिकामी वस्तू होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं टेम्पोवर चढवली होती.

बऱ्याच दिवसांनी, दुपारी, परशाचा टेम्पो आमच्या गल्लीत आला. मागच्या बाजूला एक निळा बाटला आडवा बांधलेला, टोपी घट्ट. भरलेला होता. तो खाली उतरला, दाराशी आला पण आत आला नाही.

"अण्णा, बाटला आणलाय."

अण्णा म्हणाला. मी छपरात खिडकीची जाळी करत होतो, गॅस न लागणाऱ्या एका जुन्या साध्या मशीनवर. हातातलं तसंच धरून बाहेर आलो.

"रागावलास व्हय अजून? गंमत केली रं. चार माणसं हुती, तोंडाला आलं. आणि शब्दच तसला हाय. समदीच बाटला म्हणत्यात. तू बी म्हणतोस."

ते खरं होतं. मीही म्हणायचो. त्यामुळंच तो तसा बोलू शकत होता. दुसऱ्या कुठल्याही शब्दानं त्याला मला तसं हाणता आलं नसतं आणि मग असं दारात उभं राहून शब्दामागं लपताही आलं नसतं. पण हे मला तेव्हा एवढं स्वच्छ बोलता आलं नाही. मी फक्त विचारलं, "नाव वेगळं केलंस?"

"नावाचं काय घिऊन बसलास. ऐक, माझ्याकडं कॅन लई येत्यात. आता अजून दोन सोसायट्या लागल्यात. मी आणून टाकतो, तू जोड, मी पोचवतो. गॅस माझा. तुला कुठं डेपोत बी जायला नको, कुणाचं तोंड बघायला नको."

मालुबाई दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेम्पोवरच्या बाटल्याकडे बघत होती. मला वाटतं, त्या वेळी मी 'उतरव' म्हटलं असतं तरी ती काही म्हणाली नसती. घरात तेव्हा गरज होती.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"अरं, भरलेला हाय."

"बघितलं."

"मग काम कशावर करणार?"

"जाळ्या करीन. दारं करीन."

"तुझा हात आर्गॉनचा आणि तू ग्रिलं करणार?" तो मोठ्यांदा म्हणाला. जयाबाईचा नवरा खिडकीत आला. "मेस्त्रींनी ह्यासाठी शिकवलं व्हय तुला? मी चालून आलोय अण्णा. दुसरा कोण आला असता का सांग."

"न्हाय," मी म्हणालो. "दुसरा कोण आला नसता."

ते त्याला कसं ऐकू गेलं कुणास ठाऊक. तोंड लाल झालं. "माज हाय तुम्हाला," म्हणाला, आणि तुला म्हणायचं ते तुम्हाला, म्हणजे आम्हा सगळ्यांना, झालं हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो पटकन वळून टेम्पोत बसला.

पण टेम्पो वळेना. गल्लीत त्या दिवशी मागाचं सूत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून वाळत घातलं होतं, पांढरं आणि हिरवं, खुंट्यांवर, कमरेएवढ्या उंचीवर. येताना तो कसाबसा कडेनं घुसला होता. आता मागं जाताना त्याला काही दिसत नव्हतं. पहिल्यांदा मागं घेतला तर चाक खुंटीला घासलं आणि सगळं सूत थरथरलं. जयाबाई आतून ओरडत आली. "अरं माझ्या पोटावर पाय दितोस व्हय रं भाड्या!"

मी टेम्पोच्या मागं जाऊन उभा राहिलो. हात वर केला. "येऊ दे... येऊ दे... उजवीकडं काप... थांब. सूत उचलू दे." जयाबाईनं आणि मी सूत काठीवर वर धरलं. "आता ये. हळू. येऊ दे." तो आरशात माझा हात बघत होता आणि मी सांगेन तसं चाक फिरवत होता. कॅम्पात जड लोखंड दुकानात घ्यायचं तेव्हा आम्ही असंच करायचो, मी मागं, तो पुढं, आणि त्याला एकदाही मागं वळून बघायला लागायचं नाही. आताही त्यानं बघितलं नाही. सुताचा एक धागाही तुटला नाही.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी टेम्पो आला आणि थांबला. रस्ता मोकळा होता तरी थांबला. इंजिन चालू होतं. मागच्या फळीवर माझा हात होता, त्याच्या पलीकडे तो निळा बाटला. उन्हानं तापलेला असावा. मी काही बोलेन म्हणून तो थांबला होता, हे मला कळलं.

मी फळीवर दोनदा थाप मारली, 'जाऊ दे' म्हणून क्लीनर मारतात तशी, आणि तो गेला.